मे महिन्यातलं जुहू

संमेलन समितीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "आपल्या भागाच्या इतिहासावर एक लेख दे. बंगले आणि नटनट्या नकोत, ते सगळ्यांना ठाऊक आहे." मी म्हटलं, अहो, मी संगणकवाली, इतिहासाचं मला काय कळतं? दहावीच्या सहामाहीत (आमची १९९६ ची बॅच) इतिहासाच्या बाईंनी माझ्या पेपरावर शेरा मारला होता, "सनावळ्या पाठ आहेत, गोष्ट सांगता येत नाही." तो शेरा अजून जिव्हारी आहे. कदाचित म्हणूनच हो म्हणाले.

मग मला जे येतं ते केलं. संगणकावर एक तक्ता उघडला आणि जुहूत लोक एकत्र जमून गायले, वाजवलं, नाटक केलं, असे जे प्रसंग वाचनातून आणि घरच्यांच्या बोलण्यातून सापडले ते तारखेसकट लिहून काढले. तारखांचा रकाना लावून पाहिला तेव्हा गंमत वाटली. बहुतेक नोंदी मार्चनंतरच्या आणि जूनआधीच्या होत्या, आणि त्यातही मे सगळ्यात भरलेला. आपण शाळेत असताना मे म्हणजे सुट्टी, एवढंच माहीत होतं. पण जुहूचं गाणं मे महिन्यात का, याला कारणं आहेत, आणि ती सांगता सांगता आपल्या भागाचा इतिहास बराचसा सांगून होतो.

वाळूचा पट्टा आणि त्यावरचं गाव

जुहू हे मुळात साष्टीच्या पश्चिमेचं एक बेट. वाळूचा लांबट, अरुंद पट्टा. ओहोटीला खाडीतून चालत पलीकडे जाता येई. वस्ती कोळ्यांची, भंडाऱ्यांची, शेती आणि मीठ करणाऱ्यांची. बंगले नंतर आले, विमानतळ १९२८ मध्ये आला, हॉटेलं आणि सोसायट्या त्याहून पुढे. आजही जुहू कोळीवाडा, मोरागाव, जुहू तारा या नावांनी जुनं गाव आपली जागा धरून आहे.

या गावाचं वर्ष पावसाने ठरायचं. पावसाळ्यात समुद्र बंद. हल्ली सरकारी मासेमारी बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते, पण सरकारने सांगण्याआधीही जून लागला की होड्या वर ओढून शाकारल्या जात. त्यामुळे मे महिना हा हंगामाचा शेवट. हातात चार पैसे आलेले, वलांडीवर बोंबील वाळत घातलेले, पावसाळ्याचं सुकट भरून ठेवायची घाई, आणि त्याच घाईत लग्नं. जूनमध्ये मांडव टिकत नाही आणि श्रावणानंतर पुरुष पुन्हा समुद्रावर. म्हणून हळद, मांडव, वरात सगळं वैशाखात.

आणि कोळ्यांचं लग्न म्हणजे धवलारीण. आपल्यापैकी कितीजणांना हा शब्द माहीत आहे, सांगता येत नाही. आगरी-कोळी लग्नात हळद कुटण्यापासून मांडव उभा करण्यापर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं, आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. तिने गायल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. पुरोहिताचा मान एका बाईला, तोही निव्वळ आवाजाच्या आणि स्मरणशक्तीच्या बळावर.

ती गाते त्यांना 'धवले' किंवा 'धवळे' म्हणतात. आठवा, अकरावी-बारावीच्या मराठीत आपण वाचलं होतं. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री महदंबा, तेराव्या शतकातली, महानुभाव पंथातली. ऋद्धिपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या लग्नाचा खेळ मांडला गेला तेव्हा तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचले. म्हणजे मराठी बाईची पहिली ज्ञात कविता हे लग्नात गायचं गाणं होतं. विदर्भातल्या त्या रचनेचा आणि जुहूच्या कोळीवाड्याचा थेट धागा मला दाखवता येणार नाही. पण शब्द एकच, प्रसंग एकच आणि गाणारी बाईच. पाठ्यपुस्तकात जे 'आद्य' म्हणून छापलं होतं, ते शाळेपासून दहा मिनिटांवर जिवंत होतं आणि आम्हाला कुणी जोडून दाखवलं नाही.

माझ्या बाकावरची मैत्रीण कोळीवाड्यातली. तिची आजी धवलारीण. आठवीच्या सुट्टीत तिच्या मावशीच्या लग्नाला मी दोन रात्री तिच्या घरी राहिले. अंगणात शेणाने सारवलेला चौक, पितळी ताटात हळद, आणि आजी भिंतीला टेकून बसलेली. ती गायला लागली की आवाज मोठा नसे, पण गल्लीच्या टोकापर्यंत जाई. एक ओळ ती म्हणायची, पुढची चारपाच बायका उचलायच्या. मी वही काढली, शब्द लिहून घ्यायला. आजी हसली. "गानी वहीन नाय रव्हत गो बाय, तोंडान रव्हतान."

क्रूसापुढची रोझरी

त्याच मे महिन्यात गावठाणाच्या दुसऱ्या बाजूला वेगळं गाणं चालू असे. आपल्या वर्गात ईस्ट इंडियन मुलंमुली होती, आठवत असेल. घरी मराठीचीच एक बोली बोलणारी, नावाने ख्रिस्ती. 'ईस्ट इंडियन' हे नाव घेऊन त्यांची संघटना मुंबईत २६ मे १८८७ रोजी स्थापन झाली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी. नाव इंग्रजी असलं तरी माणसं इथलीच, साष्टीची. जुहूतलं सेंट जोसेफ चर्च १८५३ चं.

कॅथलिकांसाठी मे हा मदर मेरीचा महिना. संध्याकाळी गावठाणातल्या क्रूसापुढे शेजारपाजार जमतो, रोझरी होते, गीतं होतात. मुंबई आणि साष्टीच्या गावठाणांमधले असे कित्येक क्रूस १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत उभारलेले आहेत. साथीत लोक देवळात किंवा चर्चमध्ये गर्दी करू शकत नव्हते, म्हणून दारातच प्रार्थनेची जागा केली. साथ गेली, जागा राहिली आणि तिथलं गाणंही राहिलं.

आम्ही हिंदू मुलं जायचो ती उकडलेल्या चण्यांसाठी, हे प्रामाणिकपणे सांगते. पण चणे मिळेपर्यंत थांबावं लागे आणि थांबता थांबता गाणी पाठ होत. मराठीतलं ख्रिस्ती गायन किती जुनं आहे हे मला चाळिशीनंतर कळलं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात 'क्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं, आणि ते ओवीत आहे, म्हणजे गाण्यासाठीच लिहिलेलं. तेव्हा क्रूसापुढे मराठीत गाणारी आमच्या वर्गातली मुलगी कुणाची नक्कल करत नव्हती. तिच्यामागेही चारशे वर्षांची परंपरा होती.

१९४४ ची वाळू

तक्त्यातली सगळ्यात मोठी नोंद १९४४ ची आहे.

गांधीजी जुहूला एकाहून अधिक वेळा विश्रांतीसाठी राहिले. पहिल्यांदा १९२४ मध्ये, पुण्याच्या ससून रुग्णालयात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया होऊन सुटका झाल्यावर, मार्चपासून मेअखेरपर्यंत. पुढे १९४४ मध्येही. ६ मे रोजी आगाखान पॅलेसमधून सुटले. त्याच बंदिवासात १५ ऑगस्ट १९४२ ला महादेवभाई देसाई गेले होते आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा. मलेरियाने थकलेला पंचाहत्तरीतला माणूस ११ मे रोजी जुहूला शांतिकुमार मोरारजींच्या समुद्रकाठच्या घरी आला. तिथे गेल्यावर लगेच पंधरा दिवसांचं मौन धरलं.

पण संध्याकाळची प्रार्थना चालू होती. लोक मुंबईहून, पार्ल्याहून, अंधेरीहून येऊन वाळूवर बसत. ज्यांना ऐकायला यायचं ते बोलत नव्हते, आणि जमलेले लोक गात होते. हे चित्र मी अनेकदा डोळ्यांपुढे आणून पाहिलं आहे. सभा आहे, पण भाषण नाही. रामधून आहे, भजन आहे आणि समुद्राचा आवाज आहे.

या प्रार्थनेचं सांगीतिक अंग मराठी माणसाने घडवलं, हे मुद्दाम नोंदवते. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. दरबारातलं गाणं चारचौघांत आणण्यासाठी त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं (पुन्हा मे!). त्यांचे शिष्य पं. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गेले आणि 'आश्रम भजनावली' त्यांनी सिद्ध केली. खरे १९३८ मध्ये गेले, पण त्यांनी बसवलेली पद्धत पुढेही चालू राहिली.

गांधीजींनी 'रामराज्य' हा चित्रपट पाहिल्याची गोष्ट आपण ऐकलेली असते. ते घडलं जुहूलाच, याच मुक्कामात, जूनच्या सुरुवातीला. चित्रपट विजय भट्टांचा, सीता झालेल्या शोभना समर्थ, आणि संगीत शंकरराव व्यासांचं. व्यास कोल्हापूरचे, तेही पलुस्करांचेच शिष्य. एका गुरूचा एक शिष्य वाळूवरच्या प्रार्थनेत हजर होता, मरणानंतर. दुसरा पडद्यावर.

त्या वाळूवर माझे आजोबा होते. पार्ल्यात एका दुकानात हिशेब लिहायचे, वय एकोणीस. ते नेहमी एकच गोष्ट सांगत: "गर्दीत चपला गेल्या, अनवाणी परत आलो." गाणं कसं होतं असं विचारलं तर म्हणत, "सगळेच गात होतो, ऐकणार कोण?"

जानकी कुटीर ते पृथ्वी

१९४४ मध्येच, १५ जानेवारीला, पृथ्वीराज कपूर यांनी 'पृथ्वी थिएटर्स' ही फिरती नाटक कंपनी काढली. त्याआधीच्या वर्षी २५ मे रोजी मुंबईत 'इप्टा' स्थापन झाली होती. नाटक आणि गाणं घेऊन लोकांमध्ये जायचं, असा तो काळ होता. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक त्याच हवेतलं. पुढे इप्टाचे बलराज साहनी, कैफी आझमी जुहूत राहायला आले. पृथ्वीराजांची कंपनी १९६० मध्ये बंद पडली. त्यांनी जुहूला जानकी कुटीरमध्ये जागा भाड्याने घेतली होती, तिथे स्वतःचं थिएटर बांधायचं मनात होतं. ते काही झालं नाही. २९ मे १९७२ रोजी ते गेले.

जागेचा भाडेपट्टाही संपला होता. ती शशी कपूर यांनी घेतली, वडिलांच्या नावाने न्यास केला, आणि वेद सेगन यांनी आराखडा केलेलं पृथ्वी थिएटर ५ नोव्हेंबर १९७८ ला उघडलं. चालवायला जेनिफर कपूर होत्या. पहिलं नाटक होतं गो. पु. देशपांडे यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा', मूळ मराठी, तिथे हिंदीत झालेलं, नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी यांच्यासह. जुहूच्या सगळ्यात नावाजलेल्या रंगमंचाची सुरुवात मराठी नाटककाराने झाली, हे आपल्या शाळेच्या स्मरणिकेत असायला हवं.

थिएटर छोटं, दोनशेच्या आसपास खुर्च्या. तीन बाजूंनी प्रेक्षक, मध्ये नट. माइक लागत नाही. जेनिफर १९८४ मध्ये गेल्या. त्यानंतर त्यांच्या वाढदिवशी, २८ फेब्रुवारीला, झाकीर हुसेन पुढे कित्येक वर्षं इथे तबला वाजवत राहिले. जगातल्या कुठल्याही मोठ्या सभागृहात बोलावणं असलेला माणूस या एवढ्याशा जागेत येऊन वाजवायचा. डिसेंबर २०२४ मध्ये तेही गेले.

उन्हाळ्यात पृथ्वी मुलांचं होतं. शिबिरं, बालनाट्यं. माझा धाकटा भाऊ एका सुट्टीत तिथे गेला होता. मी त्याला सोडायला जायचे आणि फाटकाबाहेर उभी राहायचे. आत सगळे इंग्रजी बोलतात, आपण मराठी शाळेतल्या, असा धसका. एक दिवस तिथल्या ताईंनी विचारलं, "तू बाहेर का? ये की आत." मराठीत. मी आत गेले, मागच्या ओळीत बसले. समोर दहाबारा मुलं टाळ्यांवर एक गाणं बसवत होती. मला एकदम हळदीची रात्र आठवली. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं.

आपली शाळा

आणि आपलाही मे होताच. १ मे, महाराष्ट्र दिन. सकाळी झेंडावंदन, मग निकाल. प्रगतिपुस्तक हातात पडेपर्यंत पोटात गोळा. त्या आधी पी.टी.चे सर डफ घेऊन पोवाडा म्हणायचे आणि आपण जी जी रं जी ची साथ करायचो. शेवटी शाहीर साबळे यांच्या आवाजामुळे घराघरात गेलेलं महाराष्ट्रगीत. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल. २०२३ पासून ते राज्यगीत आहे. आपण गायचो तेव्हा ते फक्त आपलं होतं. माइक दर वर्षी बंद पडायचा आणि दर वर्षी कुणाचंच काही अडायचं नाही.

काय बदललं

आता थोडं अप्रिय लिहिते. हळदीला आता धवलारीण दिसत नाही, डीजे दिसतो. दोष कायद्याला देतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवर सक्त निकाल दिला, आणि "हळदीची मजा गेली" असं ऐकू येतं. मला ते पटत नाही. माझी आई आजारी असताना शेजारच्या मांडवातल्या भिंतीएवढ्या स्पीकरने तिच्या पलंगाचा लोखंडी दांडा थरथरताना मी पाहिला आहे. दहा वाजले की मी देवाचे आभार मानायचे. आजीच्या धवल्याला कुठल्याच नियमाची अडचण नव्हती. तिला गप्प केलं ते स्पीकरने. तो लागला की चार बायकांनी उचलायची ओळ कुणालाच ऐकू येत नाही, आणि ऐकू न आलेली ओळ पुढच्या पिढीला येत नाही.

आमच्या धंद्यात एक पहिला धडा असतो. महत्त्वाची माहिती एकाच मशीनवर ठेवायची नाही, किमान दोन प्रती हव्यात. मी वीस वर्षं कंपन्यांच्या माहितीच्या प्रती सांभाळल्या. बिलं, पावत्या, अनोळखी लोकांचे पत्ते. आणि आजीची एकच प्रत होती, आजी.

मे २०१९ मध्ये मैत्रिणीचा फोन आला. "भाचीच्या लग्नात आजी गाणार आहे, बहुधा शेवटचंच. तू रेकॉर्ड करशील म्हणून ती वाट बघतेय." त्या आठवड्यात आमचं नवं सॉफ्टवेअर ग्राहकाकडे जायचं होतं. मी म्हटलं, पुढच्या मेमध्ये नक्की. पुढच्या मेमध्ये, २०२० ला, टाळेबंदी होती. क्रूसापुढे कुणी नव्हतं, चौपाटीवर कुणी नव्हतं, पृथ्वी बंद. २०२१ चा मे तसाच. त्या पावसाळ्यात आजी गेली. त्या आठवड्यात मी ज्या सॉफ्टवेअरसाठी थांबले, ते दोन वर्षांनी कंपनीने बंद केलं.

मागच्या उन्हाळ्यात मी आणि मैत्रीण तिच्या मावशीकडे बसलो. तीच मावशी, जिच्या लग्नाला मी राहिले होते. तिला चौदा गाणी आठवली. त्यातली सहा पुरती, बाकी तुटकी. एका गाण्यात मध्येच थांबून ती म्हणाली, "हितं आय काय म्हनायची..." आणि डोक्याला हात लावून बसली. ते मी पुसलेलं नाही. रेकॉर्डिंगमध्ये तेवढी अकरा सेकंदं पंख्याचा आवाज आहे.

एक विनंती

बाई, तुम्ही हे वाचत असाल तर बघा, सनावळ्या अजून पाठ आहेत. गोष्ट जमली की नाही ते तुम्ही ठरवा.

बाकी सगळ्यांना विनंती. संमेलन यंदाही मे महिन्यात, शाळेच्या त्याच पटांगणात आहे. आपल्यापैकी कुणाच्या घरी धवले येत असतील, रोझरीची जुनी मराठी गीतं येत असतील, आजोबांकडून ऐकलेली प्रार्थनेतली भजनं किंवा कलापथकाची गाणी येत असतील, तर त्या दिवशी या. स्वतः येत नसेल तर ज्यांना येतं त्यांना घेऊन या. अर्धं येत असलं तरी चालेल, उरलेलं अर्धं दुसऱ्या कुणाला येत असेल. दुपारी चार ते पाच असा तास समितीने मला दिला आहे. मी दोन रेकॉर्डर आणणार आहे, एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून. ध्वनिमुद्रणाची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात राहील, एक गाणाऱ्याच्या घरी.

त्या तासात माइक लावणार नाही. जवळ जवळ बसावं लागेल. मैत्रिणीची मावशी यायला तयार झाली आहे. तिची एकच अट आहे. पहिली ओळ ती म्हणेल, पुढची आपण उचलायची.